‘थिबाशी आपला काय संबंध?’ – कोकणप्रेमी यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

कोकणप्रेमी, नमस्कार.

ब्रह्मदेशचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, राजा थिबा याच्या रत्नागिरीतल्या राजवाड्यातल्या वस्तुसंग्रहालयावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही म्हणता, ‘परक्या राजाच्या बंगल्यावर आमचा पैसा कशाला? त्याचा आमच्या वारशाशी काय संबंध? टिळकांचं जन्मघर आहे, ते नीट ठेवा. पुण्यात बसून रत्नागिरीसाठी गळे काढणं सोपं असतं.’ पुढे दुरुस्तीचा खर्च, पर्यटक, पार्किंग असं बरंच आहे.

मतभेद असू द्या, पण हा सूर कशासाठी? माझा जन्म रत्नागिरीतला. आजीचं घर राजवाड्याजवळच्या आळीत होतं. थिबाची नात तुतू तिला चांगली माहीत होती, तिच्याविषयी ती आम्हाला सांगायची. पोटासाठी घाट चढला म्हणून गावाबद्दल बोलायचा हक्क जात असेल, तर कोकणातल्या निम्म्या घरांनी गप्पच बसायला हवं. तुमच्या घरातलं कुणी मुंबईला नाही का?

संग्रहालयात माहितीफलक कमी पडतात, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. ते मान्य.

आता ‘संबंध’. थिबा इथे हौसेनं बंगला बांधून राहायला आला नव्हता. १८८५च्या युद्धात इंग्रजांनी त्याचं ब्रह्मदेशचं राज्य घेतलं, त्याला कैद केलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० मध्ये उभा राहिला, तोवर दोन तपं तो इतर बंगल्यांत राहिला. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच गेला, त्याची समाधीही इथेच आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. त्यांना संबंध दिसला, तुम्हाला दिसत नाही.

आणि टिळकांचं म्हणाल, तर तेच उदाहरण घेऊ. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाली आणि इंग्रजांनी त्यांना कुठे नेलं? मंडालेला, थिबाच्या राजधानीत. इकडे राजवाडा बांधून झाला तेव्हा रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. ‘गीतारहस्य’ तिथेच लिहून झालं. एकाच सरकारनं दोघांना आपापल्या माणसांपासून तोडलं. टिळक आळीतल्या घरात हा इतिहास अर्धा आहे, उरलेला अर्धा राजवाड्यात आहे. पहिला आपला आणि दुसरा परका, ही वाटणी कुणी केली?

तुतूचं काय करायचं, तेही सांगा. थिबाची थोरली राजकन्या १९१९ मध्ये मायदेशी गेली, पण पुढे परत रत्नागिरीला आली आणि इथेच वारली. तिला राजवाड्यातल्या गोपाळ सावंत या नोकरापासून झालेली मुलगी म्हणजे तुतू. तिचं लग्न, संसार, मुलंबाळं सगळं रत्नागिरीत झालं. ती मराठी बोलायची आणि तिनं गरिबीत दिवस काढले. आजी तिच्याविषयी बोलायची ते शेजारपाजारच्या कुठल्याही बाईविषयी बोलावं तसं. या बाईला परकी म्हणण्याआधी थोडा विचार करायला हवा होतात.

म्हणूनच मी लेखात लिहिलं होतं की तिथे नुसती शिल्पं मांडून भागणार नाही. त्या अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांमागे कोण राहिलं, कुणी चाकरी केली, कुणी वाणसामान पुरवलं, हे त्याच वास्तूत सांगायला हवं. एक अख्खं दालन तुतूचं हवं. आजीच्या पिढीतली माणसं गेली, त्यांच्याकडून ऐकलेली माणसंही आता म्हातारी होत आहेत. हा भाग तुम्ही वाचलात की नाही, शंका येते.

खर्च आणि पार्किंगबद्दल वाद घालण्यात मला रस नाही. ते संबंधित खात्याला विचारा.

तुमच्या घरात राजवाड्याची एखादी आठवण कुणी सांगत असेल, तर जरूर लिहून पाठवा, मी आनंदानं छापीन. मात्र पुढच्या वेळी मी कुठे राहतो यावर नको, राजवाड्यावर लिहा.