मेदिची वाड्यातल्या चित्रांवर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या मेदिची-रिकार्डी वाड्यावरच्या, म्हणजे मेदिची या सावकार घराण्याच्या वाड्यातल्या चित्रांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "ही भक्ती नव्हे, सावकारांनी देवघराच्या भिंतीवर काढून घेतलेला कौटुंबिक फोटो आहे. लेखक सोन्याला भुलले." मतभेदाला माझी हरकत नाही. पण 'भुलले'? समोरच्याची अक्कल काढल्याशिवाय आपल्याला बोलताच येत नाही का?

एक मान्य करतो. त्याच वाड्यात लुका जोर्दानोने रंगवलेल्या छताला मी एका ओळीत उरकलं, त्याला जास्त जागा द्यायला हवी होती. तिकीट, रांग, उफिझी या प्रसिद्ध चित्रसंग्रहालयाऐवजी इथे का गेलात वगैरे बाकीच्या मुद्द्यांत मी शिरत नाही.

आता तो फोटो. बेनोझो गोझोलीने 1459 मध्ये वाड्यातल्या चॅपेलच्या, म्हणजे तुम्ही म्हणता त्या देवघराच्या भिंतींवर बाळ येशूच्या दर्शनाला निघालेल्या तीन राजांची मिरवणूक रंगवायला घेतली. त्यात मेदिची घराण्यातला पिएरो पांढऱ्या घोड्यावर, त्याचे वडील कोसिमो खेचरावर, मागे गर्दीत त्याचा 10 वर्षांचा मुलगा लोरेन्झो. खुद्द चित्रकार स्वतःचं नाव लिहिलेली लाल टोपी घालून उभा. हे सगळं माझ्याच लेखात आहे. मी काय लपवलं?

पण मिरवणूक निघाली कुठे, हे तुम्ही पाहिलंच नाही. ज्याच्या दर्शनाला राजे निघालेत ते बाळ त्या भिंतींवर नाही. ते वेदीवर आहे, फिलिप्पो लिप्पीच्या चित्रात. मूळ चित्र आता बर्लिनला असतं, इथे जुनी प्रतिकृती लावलीय. गर्द रान, जमिनीवर उघडं निजलेलं बाळ, हात जोडून गुडघ्यांवर बसलेली मरिया. ना मुकुट, ना घोडा. वेदीच्या दोन्ही अंगांना देवदूत, आणि त्यांच्या तेजोवलयांत स्तोत्राचे शब्द कोरलेले. एवढा सगळा थाट ज्याच्यापुढे येऊन थांबतो, तिथे थाटाचा लवलेश नाही. याला भक्ती म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

शिवाय त्या वर्षी गोझोलीने पिएरोला लिहिलेली पत्रं आहेत. काही देवदूत जागेला शोभत नाहीत, अशी पिएरोची तक्रार होती. गोझोली उत्तर देतो की त्यांची जेमतेम पिसांची टोकं दिसतात, पण म्हणाल तर त्यावर ढग रंगवून ते झाकतो. ज्याला नुसता घरच्यांचा फोटो हवा, तो देवदूतांच्या पिसांवरून कशाला अडून बसेल?

मी कलाशाळेत ओल्या गिलाव्यावर रंगवायला शिकलोय. चुना सुकत आला की हात कसा घाईला येतो आणि तरीही पान न् पान नीट काढावं लागतं, हे मला कुणी सांगायला नको. तुम्ही कधी चुन्यात हात घातलाय? नसेल, तर 'भुलले' लिहिण्याआधी जरा थांबायचं होतंत.

आणि पैशाचा माज तुम्हाला दाखवून द्यायचाच होता, तर तो त्याच खोलीत होता. 1659 मध्ये रिकार्डी घराण्याने हा वाडा विकत घेतला. पुढे जिन्यासाठी त्यांनी चॅपेलचा कोपरा आत ढकलला, भिंत कापली, आणि चित्रातल्या म्हाताऱ्या राजाच्या घोड्याचे दोन तुकडे झाले. त्या तुकड्यांवर मी आख्खा परिच्छेद लिहिलाय. तुमच्या एवढ्या लांबलचक प्रतिक्रियेत त्याबद्दल एक शब्द नाही.