शोकेसमागची अडीचची वायर

स्पीकरला नवी, चांगली वायर लावली की आवाज सुधारतो, हे खरं. पण तो नव्या वायरीमुळे सुधारला की शोकेस सरकवताना मागची सैल पिन घट्ट बसली म्हणून, हे कुणी तपासत नाही. माझा संशय पिनेवर आहे.

दुकानात "मालक, ऑक्सिजन-फ्री कॉपर हाय, एकदा लावून तर बघा" म्हणत जी गुंडाळी पुढे येते, तिच्यावर कधीकधी बाण छापलेला असतो. आवाजाने कुठल्या दिशेने जायचं, याचा. ४४० हर्ट्‌झचा सूर त्या तारेतून सेकंदाला ४४० वेळा पुढेमागे होतो. एकेरी वाहतूक सोलापुरात नवी पेठेत कुणी पाळत नाही, तो सूर कशाला पाळेल?

हिशोब साधा आहे. वायरीचा जाऊन-येऊन रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत हवा. दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची, तांब्याची वायर मीटरला साधारण ०.०१३ ओहम. स्पीकर दहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर, म्हणजे ०.२६ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला ०.४ चालतं, त्यामुळे दीडची पुष्कळ झाली. चार ओहमच्या स्पीकरला मर्यादा ०.२ ची, तिथे अडीचची घ्यायची. याहून जाड वायर घेतली तर फायदा विकणाऱ्याचा. मात्र टोक ब्लेडने खरवडून बघावं. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. त्याचा रोध साधारण दीडपट, आणि दोनदा वाकवलं की तार तुटते.

आता शोकेसच्या मागे जायचं. बॅटरी धरायला जे पोर मिळतं, ते उजेड टर्मिनलवर सोडून आपल्या डोळ्यांत पाडतं. "आधी आवाज येत नव्हता का?" हा प्रश्न स्वयंपाकघरातून येतो, त्याला उत्तर नाही. दहा-बारा मिलिमीटर वायर सोलावी, दातांनी नव्हे, स्ट्रिपरने, आणि तारा पिळून एकजीव कराव्यात. एक जरी तार शेजारच्या टर्मिनलला चिकटली, तर नशीब असेल तर अ‍ॅम्प्लिफायर प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो, नसेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर जातात.

जोड वायरीच्या एका पदरावर रेघ किंवा कंगोरा असतो. ती बाजू दोन्ही स्पीकरना लाल टर्मिनललाच. एकीकडे उलटं झालं की टाळ ऐकू येतो, पखवाज गायब, आणि गायक मधोमध उभा राहायचा सोडून घरभर पसरतो. खात्री करायची तर अ‍ॅम्प्लिफायरकडचं टोक सोडवून वायरीला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. धन टोक रेघेच्या पदराला लागल्यावर वूफरचा कोन पुढे आला पाहिजे.

टीव्ही किंवा प्लेअरचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरला आणणाऱ्या वायरींच्या आरसीए पिनांवर धूळ आणि गंज बसतो, त्याने खरखर येते. बटण बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं, पिन सॉकेटात दोनदा फिरवावी. संपलं.

यानंतरही आवाज झणझणतच असेल तर गुन्हेगार वायर नाही. खाली टाइल्स, चहूकडे सिमेंट, समोर काचेचं शोकेस. टाळी वाजवली की टण्ण उत्तर येतं. इथे सोलापूरकराला बाहेर काही शोधायची गरजच नाही. जाड सोलापुरी चादर चुण्या पाडून, भिंतीपासून दहा सेंटिमीटर सोडून टांगावी. चिकटवून लावली तर फक्त अगदी वरचे सूर थोडे दबतात. खर्जाला मात्र चादर कळत नाही. त्यासाठी स्पीकर शोकेसमधून काढून कोपऱ्यापासून पुढे आणावा लागतो, आणि जागा मिळवायला फुलदाणीशी वाटाघाटी. हे दोन उपाय कुठल्याही महाग वायरीपेक्षा जास्त ऐकू येतात.

आणि गुंSS असा घुमणारा आवाज? बहुधा ५० किंवा १०० हर्ट्‌झ, आणि बहुधा टीव्हीच्या केबलमार्गे आलेला ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांनी अर्थिंग जुळून झालेलं वेटोळं. सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. गुणगुण थांबली तर चोर सापडला. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा, ती पिन जिवासाठी आहे. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावीत. तरीही राहिली तर गुणगुण की मालिका, असा प्रश्न घरात निघतो. निकाल मालिकेच्या बाजूने लागतो, तेव्हा केबलवर ग्राउंड लूप आयसोलेटर लावून घ्यावा.