‘काटकसरीने ग्रीस सावरला’ या दाव्याची उलटतपासणी

‘सरकारनेही घरासारखं अंथरूण पाहून पाय पसरावेत. खर्च कापला की कर्ज उतरतं, फाजील नोकर कमी होतात, पगार उतरले की खासगी मालक माणसं घेतात. ग्रीसने हेच केलं आणि सावरला.’ हा दावा सर्रास फिरतो.

आधी कर्ज. घरखर्च कापला तरी आपला पगार तेवढाच राहतो. सरकारचा खर्च मात्र कुणाची तरी कमाई असते आणि त्याच कमाईवर कर मिळतो. हिशेब मांडून पाहा. जीडीपी, म्हणजे देशाचं वर्षाचं एकूण उत्पन्न, १००, कर्ज १३०, कपात ३. कपातीच्या दीडपट जीडीपी घटला तर तो ९५.५ वर येतो. बुडालेल्या ४.५ वर ४० टक्क्यांनी १.८ कर गेला, म्हणजे वाचले फक्त १.२. कर्ज १२८.८ झालं, पण जीडीपीशी प्रमाण १३५ टक्क्यांवर चढलं! जीडीपी कपातीच्या निम्म्यानेच घटला असता, तर ते १२९.५ वर उतरलं असतं. कपातीच्या किती पट जीडीपी घटतो, या गुणकावर सगळं अवलंबून आहे. प्रगत देशांसाठी तो ०.५ च्या आसपास धरला गेला होता, प्रत्यक्षात ०.९ ते १.७ निघाला, असं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेच ऑक्टोबर २०१२ मध्ये मांडलं. ग्रीसचं कर्ज २००९ मध्ये जीडीपीच्या सुमारे १२७ टक्के होतं. २०१२ मध्ये खासगी रोखेधारकांनी दर्शनी किमतीच्या निम्म्याहून जास्त रकमेवर पाणी सोडलं, तरी २०१४ मध्ये ते १८० टक्क्यांजवळ होतं.

फाजील नोकर? नियम होता पाच निवृत्तांमागे एक भरतीचा. निवृत्ती वयाने येते, काम पाहून नाही. बिनकामाची खुर्ची तशीच राहते आणि गरजेची रिकामी होते.

पगाराचा मुद्दा सर्वांत फसवा. फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन ७५१ युरोंवरून ५८६ वर आणलं. पंचविशीच्या आतल्यांचं तर ३२ टक्क्यांनी कापलं. बेकारी २००८ मध्ये ८ टक्क्यांच्या आत होती, २०१३ मध्ये २७ च्या वर गेली. तरुणांत निम्म्याहून जास्त. दुकानदार माणूस ठेवतो तो गिऱ्हाईक असलं तर, आणि पोटाला चिमटा घेतलेलं गिऱ्हाईक दुकानात येत नाही. शिवाय ७५१ च्या पगारावर ठरलेला घराचा हप्ता पगाराबरोबर उतरत नाही, म्हणून कर्जं थकली.

२००९ ची तूट जीडीपीच्या १५ टक्क्यांच्या घरात होती, ती कमी करावीच लागणार होती, हे मान्य. पण एवढ्या वेगाने, गिऱ्हाइकी आधीच आटलेली असताना नव्हे.

‘त्रास तात्पुरता होता’ हे तर सर्वांत निर्दय विधान. बेकारभत्ता जास्तीत जास्त १२ महिने मिळायचा. बेकारी लांबली की आरोग्य विम्याचं छत्रही जायचं. विमा नसलेल्यांना सरकारी रुग्णालयाचं दार कायद्याने पूर्ण उघडलं ते २०१६ मध्ये.