‘राग आलाय का?’ विचारलं की राग वाढतो म्हणे!

पालकांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: मुलांना भावना ओळखायला शिकवणं हे नवं खूळ आहे. ‘तुला राग आलाय का? वाईट वाटतंय का?’ असं विचारत बसलं की असलेला राग वाढतो आणि नसलेलं दुःख चिकटतं. एवढ्याशा पोरांना त्यातलं काही कळतही नाही. वर लाड होतात ते वेगळेच. त्यापेक्षा दुर्लक्ष करा, आपोआप गप्प बसतील. शेवटी हुकमाचा एक्का: आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आमचं काय बिघडलं?

‘नाव घेतलं की भावना वाढते.’ यातला सगळ्यात पटणारा मुद्दा हाच, म्हणून आधी तोच घेते. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३० प्रौढांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडताना अमिग्डाला, म्हणजे धोक्याची चाहूल घेणारा मेंदूचा भाग, शांत झालेला दिसला. त्याच चेहऱ्याला माणसाचं नाव जुळवताना तसं झालं नाही. पुढे २०१२ मध्ये कोळ्याला घाबरणाऱ्या लोकांना जिवंत कोळ्यापुढे उभं केलं गेलं. ज्यांनी आपली भीती शब्दांत बोलून दाखवली, त्यांच्या शरीराची घाबरल्याची प्रतिक्रिया आठवड्याभराने इतरांपेक्षा कमी भरली. त्या इतरांत ‘हा कोळी काही करणार नाही’ अशी स्वतःची समजूत घालणारेही होते.

हे दोन्ही प्रयोग प्रौढांवरचे आहेत. ते जसेच्या तसे चार वर्षांच्या मुलाला लावणं मलाही मान्य नाही. पण ‘नाव घेतलं की वाढतंच’ हे ठाम विधान मात्र त्यांच्यापुढे टिकत नाही.

त्या मजकुरात तथ्याचा एक कण आहे, तो नाकारायचं कारण नाही. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलांच्या मैत्रीचा अभ्यास केला. जी मित्रमंडळी आपल्या अडचणी एकमेकांशी पुन्हा पुन्हा घोळवत बसतात, त्यांची मैत्री घट्ट असते, पण चिंता आणि खिन्नताही जास्त दिसते. म्हणजे दुःख उगाळणं वाईटच. मात्र ‘तुझा हिरमोड झाला ना’ असं एकदा म्हणून पुढच्या कामाला लागणं म्हणजे उगाळणं नव्हे. शाळेतून आल्यावर ‘कुणी काही बोललं का? नक्की? मग चेहरा असा का?’ अशी रोजची उलटतपासणी हे उगाळणंच आहे. तिला विरोध असेल, तर मी त्या मजकुराच्या बाजूने.

‘एवढ्याशा पोरांना काय कळतं?’ ज्यूडी डन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलेलं निरीक्षण बघा. तीन वर्षांची असताना ज्यांच्या घरात भावनांबद्दल जास्त बोललं जायचं, ती मुलं सहाव्या वर्षी दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते जास्त चांगलं ओळखत होती. मुळात ‘एवढ्याशा’ वयात मूल आनंद, दुःख, राग, भीती या ढोबळ रंगांपासून सुरुवात करतं. लाज, अभिमान नंतर येतात. एकाच गोष्टीचा आनंद आणि धास्ती एकाच वेळी वाटू शकते, हे उमगायला तर बहुतेकांना शाळेची काही वर्षं जावी लागतात. तेव्हा तीन वर्षांच्या मुलाला ‘संमिश्र भावना’ समजावणं फुकट आहे, पण ‘घाबरलास का?’ हे नाही.

शिवाय लहान मुलाला भावना आधी शरीरात कळते. नव्या जागी जायच्या सकाळी ‘पोट दुखतंय’ म्हणणारं मूल दरवेळी नाटक करत नसतं. आपली भाषा हे कधीच ओळखून आहे: पोटात गोळा येतो, घशात आवंढा दाटतो, छातीत धडधडतं, तोंड एवढंसं होतं. मुलाला हात धरून न्यायला याहून सोपी पायवाट कोणती? आणि शब्दांची तर लयलूट आहे. रुसणं म्हणजे राग नव्हे. रुसलेल्याला कुणीतरी समजूत काढायला यायला हवं असतं. हिरमुसलेल्याची आशा मोडलेली असते, ओशाळलेल्याला आपली चूक कळलेली असते, बावरलेल्याला कुठे बघावं ते कळत नसतं. प्रत्येकाला हवी असलेली मदत वेगळी. आपण मात्र सगळ्यांवर ‘मूड ऑफ’ची एकच चिठ्ठी डकवतो आणि मग पोराला बोलता येत नाही म्हणून कुरकुरतो.

‘यात लाडच होतात.’ इथे भावना आणि वागणं यांची गल्लत आहे. ‘ताईने खेळणं घेतलं म्हणून तुला राग आलाय. पण मारायचं नाही.’ या दोन वाक्यांत लाड कुठे आहेत? बालमानसतज्ज्ञ हाइम गिनॉट यांनी १९६०च्या दशकातच हा भेद मांडला होता: भावनेला मोकळीक, कृतीला मर्यादा. दुसरं वाक्य गाळणारे पालक असतात, हे खरं. पण तो दोष गाळण्याचा.

‘दुर्लक्ष करा, गप्प बसतील.’ बसतीलही. पण गप्प बसलेलं मूल शांत झालंय की सांगून उपयोग नाही हे शिकलंय, ते बाहेरून दिसत नाही.

‘आमचं काय बिघडलं?’ ज्यांचं बिघडलं ते असे मजकूर लिहायला बसत नाहीत, एवढंच म्हणते.

राहिला प्रश्न कधी बोलायचा. मूल जमिनीवर लोळून किंचाळत असताना शब्दांचा तास घेऊ नये. तेव्हा जवळ असणं आणि आवाज खाली ठेवणं पुरे. थोड्या वेळाने, श्वास शांत झाल्यावर, नाव अंदाज म्हणून पुढे करावं: ‘मला वाटतं तुला राग आला होता.’ अंदाज चुकला तर उत्तम. ‘नाही, राग नाही, मला तू विसरलीस असं वाटलं,’ असं ते म्हणालं, तर तुमचा शब्द बाजूला ठेवा आणि त्याचा घ्या.