ड्यूकच्या प्रेमात पडण्यापूर्वी

पुस्तक कव्हर बघूनच निवडा. कव्हर बघून पुस्तक घेऊ नये, असं सांगणाऱ्यांनी गॉथिक, म्हणजे पछाडलेल्या वाड्यांतल्या प्रेमाच्या इंग्रजी कादंबऱ्या कधी हाताळलेल्या नसतात. इथे कव्हर हीच अनुक्रमणिका. पायघोळ पांढऱ्या झग्यातली तरुणी अनवाणी पळते आहे, केस मोकळे, मागे काळाकभिन्न वाडा, आणि वाड्याला शंभर खिडक्या असल्या तरी उजेड एकाच खिडकीत. एवढं जुळलं की डोळे मिटून घरी आणा. दोन खिडक्यांत उजेड दिसला तर मात्र परत ठेवा. ती कौटुंबिक कादंबरी निघण्याचा धोका आहे.

ती अशी भरथंडीत बाहेर का पळते, पायात काही का घालत नाही, आणि आपल्याकडे पहिलं वाक्य 'अगं, अंगावर काहीतरी घे' असं आलं असतं ते इथे कुणीच का म्हणत नाही, असले प्रश्न काढू नका. मी कॉलेजात असल्यापासून ही पुस्तकं वाचते आहे. इतक्या वर्षांत जे थोडंफार शहाणपण आलं, ते सगळं वाचनाच्या आड आलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा उपद्व्याप.

त्या उजळलेल्या खिडकीचंच घ्या. कधीतरी मला अवदसा आठवली आणि मी चौकशी करायला गेले. तर कळलं, इंग्लंडात १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्या मोजून घरावर कर बसवत. लोक कर चुकवायला चक्क विटा रचून खिडक्या बुजवत. मेणबत्त्यांवर १८३१ पर्यंत वेगळा कर. झालं! तेव्हापासून काळोखातला वाडा बघितला की मला घराण्याचा शाप दिसत नाही, वाचवलेला कर दिसतो. धनी पछाडलेला नाही, चिक्कू आहे. सव्वाचारशे पानांची एक झकास कादंबरी त्या माहितीपायी माझ्या हातून वाया गेली.

तसा या कादंबऱ्यांच्या खानदानाचा मूळपुरुषच थापाड्या. होरेस वॉलपोल. बाप इंग्लंडचा पंतप्रधान होऊन गेलेला, म्हणजे पोटापाण्याची विवंचना नाही. याने १७६४ च्या डिसेंबरात 'द कॅसल ऑफ ओट्रॅन्टो' काढली आणि आत ठोकून दिलं, की उत्तर इंग्लंडातल्या एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहात हे १५२९ साली नेपल्सला छापलेलं इटालियन पुस्तक सापडलं, आणि अनुवाद कुणा विल्यम मार्शल नावाच्या गृहस्थाचा आहे. पुस्तक उचललं गेलं तेव्हा पुढच्याच वर्षी दुसऱ्या आवृत्तीत साहेब म्हणाले, मीच तो. कथेच्या सुरुवातीलाच नवऱ्या मुलावर ऐन लग्नाच्या दिवशी एक अजस्र शिरस्त्राण कोसळतं आणि तो खाली चेंगरतो. मग त्याचा बाप म्हणतो, मुलगी वाया का घालवा, मीच करतो हिच्याशी लग्न. (आहे त्या बायकोचं काय? ती आहेच. तिचा विषय पुढे येतो.)

या वॉलपोलने लंडनजवळ ट्विकनमला स्वतःसाठी गॉथिक थाटाचं घरही बांधलं, स्ट्रॉबेरी हिल. आजही बघता येतं. तिथल्या मोठ्या दालनाचं छत दगडी कमानींचं वाटतं, पण ते आहे कागदाच्या लगद्याचं. गॉथिक कादंबरीबद्दल मला यापेक्षा खरी गोष्ट ठाऊक नाही, आणि म्हणूनच सांगते, आत गेल्यावर छताला हात लावून बघू नका.

यानंतर नियम बेशुद्धीचा. नायिका बेशुद्ध पडली की आपण उठून चहा टाकावा. ती शुद्धीवर येईपर्यंत आधण येतं, हा माझा अनुभव आहे. अ‍ॅन रॅडक्लिफ बाईंच्या 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो'मध्ये तर कुकर लावून, पोळ्या करून परत आलं तरी चालतं. १७९४ सालची, चार खंडांची कादंबरी. नायिका एका काळ्या पडद्यामागे डोकावते आणि धाडकन पडते. तिने काय पाहिलं? सांगणार नाहीत. शेकडो पानं जातात, डोंगर येतात, दऱ्या येतात, चंद्र उगवून मावळतो, आणि शेवटाला टेकल्यावर बाई हळूच सांगतात की तो मेणाचा पुतळा होता. रोज रात्री साडेआठला आपली सासू दार उघडते आणि तिला कोण दिसलं हे सोमवारी कळतं, तो शोध मुंबईच्या स्टुडिओत लागलेला नाही. या पडद्याचे बाईंना प्रकाशकाने पाचशे पौंड मोजले, पुढच्या कादंबरीचे आठशे. आणि जी इटली वाचून वाचक थरारले, ती बाईंनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. तुम्ही लोणावळ्याच्या धुक्यात उभं राहून स्कॉटलंड आठवता, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ड्यूकची, म्हणजे राजाच्या खालोखालच्या सरदारांची, मोजदाद करू नका. हे मी हात जोडून सांगते. राजघराण्यातले वगळले तर त्या काळात अख्ख्या ब्रिटिश बेटांवर ड्यूक तीसच्या आत. त्यात म्हातारे, लग्न झालेले, संधिवाताने खुर्चीला खिळलेले वजा करा. आणि तुमच्या एका वर्षाच्या वाचनात किती आले? गेल्या पावसाळ्यात माझे एकोणीस झाले, सगळे तिशीतले, सहा फुटी, भुवईवर व्रण. दातांबद्दल लेखिका काही बोलत नाहीत, तुम्हीही बोलू नका. आंघोळीबद्दलही.

घरातलं कुणी नाक मुरडून 'काय हे वाचतेस?' म्हणालं, तर 'इतिहास' एवढंच सांगा, खोटं नाही ते. पुढे बोलणं वाढलंच तर १८६१ सालच्या 'मुक्तामाले'चं नाव घ्या. मराठी कादंबरी पाळण्यात होती तेव्हा तिलाही हेच बाळकडू पाजलं होतं: सद्गुणी नायिका, कारस्थानी दुष्ट, संकटांची माळ आणि शेवटी गोड. समोरचा गप्प होतो. त्याने 'मुक्तामाला' वाचलेली नसते. आपणही पूर्ण वाचलेली नसते, पण ते त्याला कुठे ठाऊक!

आता माळ्यावरच्या बायकोकडे येऊ. धन्याची पहिली बायको वेडी असते, तिला वर कोंडलेलं असतं, आणि तिचं हसणं ऐकून नव्या नायिकेच्या अंगावर काटा येतो. तुमच्याही यायला हवा. काटा यायचा असेल तर त्या काळचा कायदा वाचू नका. लग्न लागलं की बाईची रोकड, दागिने, मिळकत नवऱ्याची. ती कमावेल ते त्याचं. हे सुधारायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. घटस्फोट घेऊन नव्याने लग्न करायचं, तर १८५७ पर्यंत पार्लमेंटातून स्वतंत्र कायदा पास करून आणावा लागे, एका जोडप्यासाठी! 'जेन एअर' १८४७ ची. त्यातल्या माळ्यावरच्या बाईने जमैकाहून येताना तीस हजार पौंड आणले होते. मी सोळाव्या वर्षी वाचली तेव्हा त्या हसण्याने झोप उडाली होती. चाळिशीत पुन्हा वाचली तेव्हा तीस हजार पौंडांनी उडाली. ते पैसे कुठे गेले? ते खाली दिवाणखान्यात बसून नव्या मुलीला आपल्या दुःखाची कहाणी सांगत होते. कृपया असल्या हिशेबात पडू नका. जिन्यावर पावलं वाजतात तिकडे लक्ष द्या.

तारखांचं तर नावच काढू नका. मराठी वाचकाला माझी ही सगळ्यात कळकळीची सूचना आहे.

कारण नाचाच्या, पंख्यांच्या, बग्ग्यांच्या कादंबऱ्या ज्या काळात घडतात, तो रीजन्सीचा काळ, म्हणजे राजा आजारी म्हणून युवराज कारभार बघायचा ती वर्षं, १८११ ते १८२०. तुम्ही शाळेत मन लावून सनावळ्या पाठ केल्या असतील तर तुमचं काही खरं नाही. नायिका नोव्हेंबर १८१७ मध्ये आरशासमोर मोत्याच्या माळा लावून बघत असते. लेखिकेने महिना घातलेला असतो बिचारीने, वातावरणनिर्मिती म्हणून. आणि तुमच्या डोक्यात घंटा वाजते: पाच नोव्हेंबरला खडकीची लढाई, सतराला शनिवारवाड्यावर दुसऱ्याचं निशाण. खडकीच्या दुसऱ्याच दिवशी तिकडे गादीची वारस राजकन्या शार्लट बाळंतपणात गेली आणि लंडन काळ्या कपड्यांत गेलं. पुण्याची बातमी तिथे जहाजाने पोचायला अजून काही महिने होते. वर्ष संपता संपता तिकडच्या पुस्तकांच्या दुकानांत जेन ऑस्टेनची 'नॉर्थँगर अ‍ॅबी' आली. लेखिका जुलैतच गेलेली. या कादंबरीतली पोरगी उडॉल्फोचे खंड वाचून बिघडलेली असते. पाहुणी म्हणून एका जुन्या मठाच्या घरात राहते, वादळी रात्री कपाट उचकटते, आतून गुप्त हस्तलिखित काढते, आणि सकाळी उजेडात बघते तर धोब्याची बिलं. माझ्यासारख्या बायकांची टिंगल करणारं हे पुस्तक बाजारात आलं, तेव्हा आमचे दुसरे बाजीरावसाहेब पुढे आणि इंग्रजी पलटणी मागे अशी सगळ्या मुलखात धावाधाव चालली होती. जून १८१८ ला ते शरण आले, सालीना आठ लाखांची पेन्शन घेऊन ब्रह्मावर्ताला, कानपूरजवळच्या बिठूरला, गेले.

एकदा हे डोक्यात शिरलं की नायक भारतातून परत आला म्हणजे मी त्याच्या खांद्यावरची जखम बघते. १८०३ ची असेल तर असईच्या लढाईतली, समोर शिंद्यांच्या तोफा होत्या. आणि ट्रंकेत काय आहे? तेही मी बघते, चोरासारखी. १८१७-१८ च्या त्या लढाईतल्या लुटीला 'डेक्कन प्राइझ' असं साजूक नाव होतं. प्राइझ, म्हणजे बक्षीस, निबंधस्पर्धेत मिळतं तसं. कुठल्या फौजेला किती, यावरून त्यांची आपसांत वर्षानुवर्षं वादावादी चालली. लुटीच्या कारभारावर विश्वस्त नेमले, त्यांत खुद्द वेलिंग्टनचा ड्यूक. असईला लढलेला तोच. बघा, कादंबरीतले एकोणीस ड्यूक एका पारड्यात आणि हा एक खराखुरा दुसऱ्यात, आणि हा नेमका आपल्याच घरच्या भांड्याकुंड्यांचा हिशेब बघत बसलेला. नाचाच्या दालनात हा आला की बायका पंख्याआड श्वास रोखतात. तुम्हीही रोखा. तारीख आठवली तर पान उलटा.

कुणी म्हणेल, एवढी हौस आहे तर आपल्याकडे का नाही कुणी लिहीत? सामान तर तयारच आहे. ३० ऑगस्ट १७७३. अठरा वर्षांचा पेशवा स्वतःच्याच वाड्यात मारला जातो, काका आहेत, गारदी आहेत, काकू आहेत, आणि एका कागदावर 'ध'चा 'मा' झाल्याची दंतकथा आहे, जिच्यापुढे वॉलपोलचं शिरस्त्राण म्हणजे पोरखेळ. पुढे १८२८ ची आग. तटबंदी, दिंड्या, अमावास्येची हाक. पण तिथे प्रेम कुठे आणि कसं करणार? नायिकेने पांढऱ्या झग्यात पळायचं ठरवलं, तर शनिवारवाड्यासमोर सिग्नलला अडकेल. आणि संध्याकाळी रखवालदार शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढतो, नायकासकट.

असो. शेवटी पुस्तकं मिळवायची कुठून, तेही सांगते. नवी घेऊ नका. जुन्या खासगी लायब्रऱ्या बंद पडताना त्यांचा माल रद्दीत येतो, तिथून घ्या. पानं पिवळी, वास कापराचा आणि वाळवीच्या औषधाचा, शेवटची चार पानं बहुतेक वेळा गायब. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून त्या लायब्रऱ्यांतल्या बायका ठरावीक पानावर बारीकशी खूण करत. कुणी फुली, कुणी गोल, कुणी नावाचं पहिलं अक्षर. आमच्या आईचं पान सतरावं. कोपऱ्यात पेन्सिलीने 'सु'.

गेल्या वर्षी रद्दीच्या ढिगातून उचललेल्या एका पुस्तकात मला तो 'सु' सापडला. आईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी चहा बाजूला ठेवला आणि पान पान बघत गेले. एकशे बेचाळिसाव्या पानावर नायक नायिकेच्या गळ्यात पाचूंचा हार घालतो आणि म्हणतो, हा माझ्या वडिलांनी दख्खनच्या मोहिमेतून आणला. त्या ओळीला समासात पेन्सिलीची उभी रेघ होती आणि शेजारी आईच्या तिरप्या अक्षरात: 'हार आमचा. मुकाट्याने परत कर.'

पुन्हा सतराव्या पानावर आले. 'सु' एक नव्हता, दोन होते. दुसरा जरा खाली, वेगळ्या पेन्सिलीचा.