वानराच्या पोटात गाय असते भाऊ

परवा रामटेकला गेलो होतो. गडावर नेहमीचाच सीन, काळ्या तोंडाची वानरं ओळीनं बसलेली आणि आपले लोक क्रीमवाले बिस्किट, कुरकुरे, जे हाती लागेल ते वाटून राहिले. एका काकूंनी तर आख्खा पुडा फोडून पिल्लू पोटाशी धरून बसलेल्या मादीसमोर ओतला आणि हात जोडले. मी म्हटलं काकू नका देऊ, त्रास होते तिला. तर म्हणाल्या, "हनुमानाचं रूप आहे ते, तुह्या काहून पोटात दुखून राहिलं?"

आता पोटाचाच विषय निघाला तर तिथं जे सांगता आलं नाही ते इथं लिहितो.

लहानपणी पोळ्याला काटोलकडे मामाच्या गावी जायचो. बैलांना पुरणपोळी चारायचा मान आम्हा पोरांचा. एका वर्षी जोशात एकाच बैलाला इतक्या चारल्या की दुसऱ्या दिवशी इकडे आमचा तान्हा पोळा आणि तिकडे तो उठेचना, डावी कूस टम्म फुगलेली, रवंथ बंद. ढोरांचे डॉक्टर आले, खायचा सोडा पाजला आणि मग जे केलं ते अजून डोळ्यासमोर आहे. शेजारच्या बैलाच्या तोंडात हात घालून रवंथाचा हिरवा लिबलिबीत घास काढला आणि आमच्या बैलाच्या घशात कोंबला. आम्ही शी शी करत पळालो.

तो घास म्हणजे विरजण होतं, हे फार उशिरा कळलं. बैल कडबा खातो पण पचवत नाही, पचवतात त्याच्या कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले जीवाणू, तिथल्या एक मिलिलिटर पाण्यात 1000 कोटींच्या घरात असतात ते. काडीतला सेल्युलोज फोडायची सोय ना बैलाच्या स्वतःच्या अंगात आहे ना आपल्या. ही सगळी पलटण चाऱ्यावर पोसलेली, आणि अचानक गूळ-मैदा-पीठ येऊन पडलं की आंबट करणारे जीवाणू भराभर वाढतात, लॅक्टिक ॲसिड साचते आणि बाकीचे मरतात. मग पोट भरलेलं असून जनावर उपाशी. डॉक्टरांनी सोड्यानं आंबटपणा मारला आणि वरून नवीन विरजण लावलं, एवढंच.

हेच मोठ्या लेव्हलवर पण झालंय. आपल्याकडे बांधाबांधावर लावलेली सुबाभूळ आहे ना, ती ऑस्ट्रेलियातल्या गुरांना बाधायची, केस गळायचे, पण हवाईतल्या बकऱ्या तीच मजेत खायच्या. 1980च्या दशकात जोन्स नावाच्या शास्त्रज्ञानं त्या बकऱ्यांच्या पोटातले जीवाणू नेऊन ऑस्ट्रेलियात सोडले आणि प्रॉब्लेम सुटला. त्या जीवाणूच्या नावात आता जोन्स आहे, सिनर्जिस्टिस जोनेसाय.

बरं, वानराचा काय संबंध? तर आपलं हे काळ्या तोंडाचं वानर म्हणजे लाल तोंडाचं माकड नव्हे. याच्या गालात पिशवी नसते, पण पोट कप्प्याकप्प्यांचं असते आणि पुढच्या कप्प्यात पानं आंबवायचं काम जीवाणूच करतात, थेट गाईसारखं. पुढे तेच जीवाणू फोडून वानर त्यांनाही पचवते. त्यासाठी लागतं लायसोझाइम नावाचं जीवाणू फोडणारं पाचक रसायन, आपल्या डोळ्यांच्या पाण्यात असते तेच, पण पोटातल्या ॲसिडमध्ये टिकेल असं बदललेलं. 1987 मध्ये शास्त्रज्ञांनी गाईचं आणि आपल्या हनुमान वानराचं लायसोझाइम शेजारी ठेवून पाहिलं तर नातं दूरदूरपर्यंत नसून दोघांत काही बदल सेम टू सेम निघाले. मला तर हे वाचून काटाच आला अंगावर. ज्या दोन जनावरांना आपण हात जोडतो त्यांच्या पोटात एकच युक्ती!

म्हणून म्हणतो, गडावर रोजच पोळा चालू आहे. एका बिस्किटानं वानर मरत नाही, मान्य. पण दिवसाला किती गाड्या येतात मोजा न. 2016 मध्ये डूक नावाच्या वानरांवरचा एक अभ्यास आला, त्यात व्हिएतनामच्या जंगलातल्यांची आणि प्राणिसंग्रहालयातल्यांची विष्ठा तपासली, तर पिंजऱ्यातल्यांच्या पोटातले मूळचे जीवाणू बरेचसे गायब आणि त्यांच्या जागी आलेले माणसाच्या पोटातल्यासारखे. अर्धवट बंदिस्त असलेले बरोब्बर मध्ये. आमची रामटेकची मंडळी पण मला तशीच अधलीमधली वाटतात, ना पुरती जंगलातली ना पिंजऱ्यातली. आणि त्या मादीच्या पोटाशी होतं त्या पिल्लाला विरजण कुठून मिळणार, आईकडूनच ना.

घरी येऊन हे सगळं आईला ऐकवलं. तिनं त्रिपुरी पौर्णिमेला गडावर न्यायला फुटाण्याचं पुडकं आधीच आणून ठेवलं आहे. शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणे, "हो का? म्हणजे पुढच्या पोळ्याला मामाच्या बैलापुढे ताटात कडबा वाढायचा का?"