डोळा काढणं ही गरिबाची ट्रीटमेंट आहे का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

निपाणीकर साहेब,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर, फार वाढला असेल तर डोळा काढायला मागेपुढे बघू नका, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, ‘श्रीमंताच्या पोराचा डोळा वाचवतात, गरिबाचा काढतात, आणि तुम्ही त्याला उपचार म्हणता. शिवाय आमच्या घराण्यात हा रोग कुणाला नाही, मग पोराला आला कुठून?’

एकाच डोळ्यात गाठ, तीही डोळाभर पसरलेली आणि नजर गेलेली, अशा वेळी लंडनमध्येसुद्धा डोळाच काढतात. ही गाठ डोळ्यामागच्या नसेतून मेंदूकडे सरकते. ती डोळ्याच्या आत आहे तोवर जीव बहुधा वाचतो. श्रीमंत देशांत शंभरातली ९५ च्या वर मुलं जगतात. लेसर, गोठवणं, केमो, रक्तवाहिनीतून थेट डोळ्यात सोडलेलं औषध, हे सगळं हैदराबाद-चेन्नईलाही होतं. पण त्यासाठी गाठ लहान असताना पोर तिथं पोचायला हवं ना!

गरिबाला दुय्यम ट्रीटमेंट मिळते हे खरं, पण ती ऑपरेशननंतर. डोळा काढताना नस जमेल तेवढी लांब कापावी लागते, आणि तो डोळा पॅथॉलॉजीला जावा लागतो. नसेच्या कापलेल्या टोकाला गाठ आहे का, यावर पुढे केमो लागणार की नाही ते ठरतं. एका पोराचं डिस्चार्ज कार्ड मी स्वतः बघितलंय: ‘उजवा डोळा काढला’, खाली सही-शिक्का, आणि पॅथॉलॉजीचा उल्लेखच नाही. काढलेला डोळा कुठं गेला, हे बापाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याला विचारायचं सुचणार तरी कसं? तुमचा राग तिथं लावा, मी तुमच्या बाजूला आहे.

उशिराचं खापर मी आयांवर फोडतो, असंही तुम्हाला वाटलं. उलट आहे ओ. फ्लॅशच्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी आली, की पहिल्यांदा आईच म्हणते, ‘डोळा मांजरासारखा चमकतोय.’ मग कुणीतरी बॅटरी मारून ‘मोठं झालं की बघू’ म्हणतं, आणि याच गाठीने चकणं झालेलं पोर नशिबाचं म्हणून घरातही हसण्यावारी जातं. २०२० साली छापून आलेल्या, १५३ देशांतल्या ४,३५१ मुलांच्या पाहणीत निदानाचं वय श्रीमंत देशांत साधारण १४ महिने, तर सर्वात गरीब देशांत ३० महिने निघालं.

आपल्याकडे त्यावर अंतराची भर. बेळगावातून बेंगळुरू, मुंबई, हैदराबाद, कुठंही जा, साधारण ५०० किलोमीटर. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल घराला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे खरं, पण सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, आणि नेमकं धाकट्याचं नाव रेशन कार्डावर चढवायचं राहिलेलं असतं. रेल्वेत रुग्णाला आणि सोबतच्या एकाला भाड्यात सवलत मिळते. पण केमो दर तीन-चार आठवड्यांनी, बहुधा सहा वेळा. दर खेपेला बुडणारी बिडीची किंवा उसाची मजुरी कुठल्याच योजनेत बसत नाही.

डोळा काढायचं ठरल्यावर आजी म्हणते, ‘पोरीचं लग्न कसं व्हायचं?’ हा प्रश्न हसण्यासारखा नाही. तिला कृत्रिम डोळा दाखवा. अख्खी गोळी नसते ती, शिंपल्यासारखी पातळ वाटी असते. साधारण सहा आठवड्यांनी, सूज उतरल्यावर बसवतात. दुसऱ्या डोळ्याशी जुळवून बुबुळ रंगवतात, रक्ताच्या बारीक रेघासुद्धा काढतात. पोर वाढेल तशी ती बदलावी लागते, आणि तो खर्च ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्यावा. हातात घेऊन बघितल्यावर घरच्यांचा नकार ढिला पडतो, असा माझा अनुभव आहे.

राहता राहिलं घराण्याचं. हा आजार आरबी-१ नावाच्या जनुकातल्या बिघाडाने होतो. सुमारे ४० टक्के मुलांत तो बिघाड शरीरातल्या सगळ्या पेशींत असतो आणि पुढच्या पिढीत जाऊ शकतो, पण त्यातल्याही बहुतेकांच्या घरात आधी कुणालाच काही झालेलं नसतं. तेव्हा कुणाच्या माहेरावर ढकलू नका. तुमच्या लिहिण्यावरून घरात धाकटं पोर असावं असं दिसतं. त्यालाही तो बिघाड असू शकतो, म्हणून या आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन जा. बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा बघा, असं स्पष्ट सांगा, आणि नुसती बॅटरी मारून परत पाठवलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.